जुन्या लाकडी खिडक्यांतून येणारा वारा आणि झड : कारणे, तपासणी व दुरुस्ती

गोमंतकातील जुन्या घरांत पावसाळ्याची परीक्षा छपराइतकीच खिडक्यांचीही होते. छपराची शाकारणी झालेली असते, पन्हळी साफ केलेल्या असतात, अंगणातील निचरा मोकळा असतो. तरीही आषाढातील एखाद्या रात्री पश्चिमेकडून वारा सुटतो आणि बंद झडपांच्या फटींतून पावसाची झड थेट पलंगापर्यंत पोहोचते. कड्या खडखडतात, भिंतीवर ओल उतरते. दुसऱ्या दिवशी फटींत जुन्या कापडाचे बोळे कोंबले जातात आणि पाऊस ओसरला की सुताराला बोलावण्याऐवजी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचे दरपत्रक मागविले जाते.

पुष्कळदा हा निर्णय घाईचा ठरतो. जुन्या खिडकीतील सागवान वा फणसाचे लाकूड आज सहजासहजी मिळणारे नसते आणि बहुतेक वेळा ते निकामीही झालेले नसते. सैल बिजागरी, उघडलेला सांधा, वाळून गळलेली लांबी आणि चौकट व भिंत यांमधील भेग एवढ्याच कारणांनी वारा आत येतो. ही कारणे निरनिराळी आहेत आणि त्यांवरील उपायही निरनिराळे आहेत. म्हणून खिडकी बदलण्यापूर्वी, किंवा फटीत काहीही भरण्यापूर्वी, दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत : फट नेमकी कोठे आहे आणि ती कोणत्या ऋतूतली आहे?

जुन्या खिडकीची रचना

गोव्यातील जुन्या घरांच्या भिंती प्रायः जांभ्या चिऱ्यांच्या, मातीच्या वा चुन्याच्या दर्जेत बांधलेल्या आणि चांगल्या जाड असतात. राजांगणाच्या जुन्या घरांत उभे गज आणि भरीव फळ्यांच्या झडपा असलेल्या लहान खिडक्या आढळतात, तर पोर्तुगीज वळणाच्या घरांत उंच, दुहेरी झडपांच्या खिडक्या दिसतात. काच सहज मिळू लागण्यापूर्वी अशा झडपांत पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदाने बसविण्याची पद्धत होती. ती तावदाने आजही काही घरांत शाबूत आहेत.

प्रकार कोणताही असो, खिडकीचे भाग तेच असतात. भिंतीत बसविलेली चौकट, तिला बिजागऱ्यांनी टांगलेल्या झडपा, झडपेच्या उभ्या व आडव्या पट्ट्यांना जोडणारे कूस आणि छिद्राचे सांधे, पट्ट्यांमधील काच किंवा फळी, आणि चौकटीची तळपट्टी, जिच्यावर पडणारे सगळे पाणी बाहेरच्या कट्ट्यावर उतरायला हवे. वारा चार ठिकाणांहून शिरतो : झडप व चौकट यांमधून, दोन झडपा जिथे एकमेकींना मिळतात तेथून, काच व पट्टी यांमधून, आणि चौकट व भिंत यांमधून. पाणी याच वाटांनी येते. पण त्याची मुख्य वाट तळपट्टीची असते.

बारीक फटीचा मोठा हिशेब

एक-दोन मिलिमीटरची फट डोळ्यांना क्षुल्लक वाटते. १२० सेंटिमीटर उंच आणि ९० सेंटिमीटर रुंद अशी दोन झडपांची खिडकी घेऊ. तिचा परीघ ४२० सेंटिमीटर आणि मधल्या जोडाची उंची १२० सेंटिमीटर, म्हणजे एकूण ५४० सेंटिमीटर लांबीची फट झाली. ती सर्वत्र २ मिलिमीटर रुंद असेल, तर तिचे क्षेत्रफळ १०८ चौरस सेंटिमीटर भरते. भिंतीला तळहाताएवढे भोक पाडून ते उघडे ठेवावे, तसाच हा प्रकार आहे.

पाण्याचा हिशेब याहून उद्बोधक आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर आदळतो, तेव्हा त्याचा दाब सुमारे ११५ पास्कलपर्यंत जातो. एवढा दाब पाण्याला जवळजवळ १२ मिलिमीटर वर ढकलू शकतो. तळपट्टीची आतली कड याहून ठेंगणी असेल, तर तिच्यावर साचलेले पाणी कड ओलांडून खोलीत उतरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ७० किलोमीटरच्या झोतात पाणी २० मिलिमीटरहून अधिक चढू शकते. फट भरूनही पाणी येत राहते अशी तक्रार अनेकदा ऐकू येते, तिचे कारण येथे सापडते. भरलेल्या फटीपाशी पाणी अडते, साचते आणि वाऱ्याच्या जोराने दुसरी वाट काढते.

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात वारे मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्य दिशांनी येतात. म्हणून घरातील सगळ्या खिडक्या एकदम हाती घेण्याचे कारण नाही. पश्चिम आणि दक्षिणेच्या, वळचण तोकडी असलेल्या खिडक्या आधी तपासाव्यात. ओसरीच्या किंवा पडवीच्या आडोशाला असलेल्या खिडक्या मागाहून पाहता येतात.

ऋतूप्रमाणे हलणारे लाकूड

लाकूड हवेतील आर्द्रतेनुसार पाणी घेते व सोडते. पाणी घेतले की ते फुगते, सोडले की आक्रसते. ही हालचाल तंतूंच्या लांबीच्या दिशेने नगण्य असते. रुंदीच्या दिशेने मात्र ती जाणवण्याइतकी होते. म्हणूनच झडपेची उंची वर्षभर जवळपास तीच राहते आणि रुंदी बदलते. उन्हाळ्याच्या आरंभी कोरडी असलेली १० सेंटिमीटर रुंदीची सागवानी पट्टी श्रावणापर्यंत साधारण अर्धा ते एक मिलिमीटर फुगते. दोन झडपांच्या खिडकीत अशा चार उभ्या पट्ट्या असतात. त्या सर्वांची वाढ एकत्र केली, तर २ ते ४ मिलिमीटर होते. सागवान त्यातल्या त्यात कमी हलते. मत्ती किंवा आंब्याचे लाकूड त्याहून अधिक हलते.

एवढ्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कित्येक चांगल्या खिडक्या वाया गेल्या आहेत. जुलैत झडप अडकू लागली की सुताराकडून तिच्या कडेवर रंधा मारून घेतला जातो. झडप त्या दिवशी सहज लागते. डिसेंबरात लाकूड आक्रसते आणि रंध्याने गेलेली जाडी व आक्रसलेली जाडी मिळून मोठी फट पडते. पुढच्या पावसाळ्यात, लाकूड पुरते फुगण्यापूर्वीच, जूनमधील पहिल्या वादळी सरी त्याच फटीतून आत येतात. याच्या उलट, मार्चमध्ये दिसणारी २ मिलिमीटरची फट घट्ट पट्टीने भरून टाकली, तर जुलैत झडप बंदच होत नाही. ती जोराने ओढली की बिजागरीचे स्क्रू उपटतात.

यावरून दोन नियम निघतात. पावसाळ्यात अडकणारी झडप त्याच वेळी तासू नये. कोठे अडकते तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि पाऊस संपून दोन महिने उलटल्यावर खरेच तासण्याची गरज आहे का ते पाहावे. आणि कोरड्या दिवसांत झडप व चौकट यांमध्ये सर्व बाजूंनी २ ते ३ मिलिमीटर मोकळीक असणे हा दोष समजू नये. ती लाकडाला फुगण्यासाठी ठेवलेली जागा आहे. ती भरायची झाल्यास दबणाऱ्या आणि पुन्हा फुलणाऱ्या पट्टीनेच भरावी.

फट शोधण्याच्या सोप्या पद्धती

तपासणीसाठी उपकरणांची आवश्यकता नाही. दुपारी समुद्रावरून खारे वारे वाहत असताना पंखे बंद करावेत, समोरच्या बाजूचे एखादे दार उघडे ठेवावे आणि पेटती उदबत्ती झडपेच्या कडेने हळूहळू फिरवावी. धुराची रेघ जेथे वाकते तेथे फट आहे. पडदे आणि कागद दूर ठेवावेत, हे सांगणे नलगे. दुसरी पद्धत कागदाची. वर्तमानपत्राची पट्टी चौकट व झडप यांमध्ये धरून झडप बंद करावी आणि पट्टी ओढावी. ती अडकून राहिली तर तेथे झडप टेकलेली आहे; सहज निसटली तर तेथे वाट आहे. तिसरी पद्धत रात्रीची : एकाने बाहेरून विजेरीचा झोत टाकावा आणि दुसऱ्याने आतील अंधारातून पाहावे.

पाण्याची वाट शोधताना मात्र वरून एकदम बादली ओतू नये. खालून सुरुवात करावी. आधी फक्त तळपट्टीवर तांब्याने पाणी सोडावे आणि पाच मिनिटे थांबावे. मग झडपेच्या खालच्या पट्टीवर, मग काचेच्या कडेवर, शेवटी चौकटीच्या माथ्यावर. कोणत्या टप्प्यावर आत ओल दिसली, यावरून दोष कोठे आहे हे कळते. आढळलेल्या जागा खिडकीच्या साध्या आकृतीवर टिपून ठेवाव्यात. सुताराशी बोलताना ती फार उपयोगी पडते.

शेवटी टोचणीची परीक्षा. पातळ पेचकस घेऊन चौकटीचे खालचे कोपरे, तळपट्टी आणि झडपेचे खालचे सांधे हलकेच टोचावेत. निरोगी लाकूड टोक अडविते. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात शिरावे तसे शिरते. कुजविणारी बुरशी वाढण्यासाठी लाकडातील पाण्याचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या वर जावे लागते. म्हणून कूज आढळली की तेथे पाणी साचते आहे असे समजावे आणि ते पाणी आधी थांबवावे. वाळवीचे मातीचे बोगदे किंवा भुंगेऱ्यांनी पाडलेली बारीक भोके व पिठूळ भुसा दिसल्यास पट्ट्या लावण्यापूर्वी कीड-नियंत्रणाचे काम उरकून घ्यावे.

दुरुस्तीचा क्रम

फट भरण्याचे काम सर्वांत शेवटी येते. त्याआधी खिडकी मूळ जागी आणावी लागते. वाकडी टांगलेली झडप पट्टीने सरळ होत नाही.

बिजागऱ्या : झडप खाली झुकलेली असेल तर वरच्या बिजागरीचे स्क्रू बहुधा सैल झालेले असतात. त्याच भोकात जाडा स्क्रू घुसविण्यापेक्षा भोक साफ करून त्यात कठीण लाकडाची खुंटी सरस किंवा लाकडाचा गोंद लावून ठोकावी, एक दिवस वाळू द्यावी आणि नवे बारीक भोक पाडून स्क्रू बसवावा. किनाऱ्यालगत लोखंडी स्क्रू टाळावेत. लोखंड गंजले की फुगते आणि लाकूड फाडते. पितळी बिजागरीला पितळी स्क्रू वापरावेत. पोलाद वापरायचे असेल तर समुद्राजवळच्या घरांत ३१६ प्रतीचे गंजरोधक पोलाद ३०४ प्रतीपेक्षा अधिक टिकते.

सांधे : झडपेचे दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत फरक असेल तर झडप चौकोनी राहिलेली नाही. झडप उतरवून आडवी ठेवावी, सांध्यातील जुना गोंद व रंग खरवडून काढावा, शिकंज्याने सांधा आवळावा आणि नवी खुंटी किंवा पाचर ठोकावी. वरून लोखंडी कोन ठोकून सांधा धरून ठेवणे हा तात्पुरता उपाय आहे. कोनामागे पाणी साचून तीच जागा पुढे कुजते.

कुजलेला भाग : खालची दहा-पंधरा सेंटिमीटर पट्टी कुजली म्हणून संपूर्ण झडप टाकून देऊ नये. कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून तेथे त्याच जातीच्या, वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा. तिरका उतार बाहेरच्या बाजूस असावा, म्हणजे सांध्यावरील पाणी बाहेर निथळते. तंतूंची दिशा जुन्या पट्टीसारखीच ठेवावी. अशा खड्ड्यात सिमेंट किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस भरणे घातक ठरते. ते लाकडाबरोबर हलत नाही आणि कडेने पाणी धरून ठेवते.

काच आणि लांबी : वाऱ्यात काच खडखडते, याचा अर्थ लांबी सुटली आहे. जुनी लांबी पटाशीने हळूहळू काढावी. खाचेला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. अन्यथा कोरडे लाकूड नव्या लांबीतील तेल शोषून घेते आणि ती काही महिन्यांत तडकते. खडूची बारीक पूड जवसाच्या तेलात मळून केलेली लांबी आजही उत्तम काम देते. काच बसविण्यापूर्वी खाचेत लांबीचा पातळ थर द्यावा, मग काच दाबावी आणि बाहेरून उतरती कड काढावी. वरून साय धरायला एक-दोन आठवडे लागतात. त्यानंतर रंग देताना तो काचेवर २ मिलिमीटर चढवावा. लांबी आणि काच यांमधील बारीक भेग त्यामुळे बंद होते.

चौकट आणि भिंत : या भेगेत सिमेंटचा गिलावा भरण्याची प्रथा सर्रास आहे आणि तीच सर्वाधिक नुकसान करते. सिमेंट कडक असते, लाकूड हलते. वर्षभरात पुन्हा बारीक भेग पडते, तिच्यातून पाणी शिरते आणि सिमेंटमागे अडकून राहते. जांभ्याची व चुन्याची भिंत ओल घेते आणि वाळून सोडतेही. तिला बाहेर पडण्याची वाट लागते. म्हणून रुंद भेगेत चुन्याचा मसाला भरावा आणि चौकटीलगतच्या शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये लवचीक, रंग देता येण्याजोगा भराव वापरावा.

फट बंद करणाऱ्या पट्ट्या

एवढे झाल्यावर उरलेली फट पट्टीने बंद करता येते. बाजारातील स्वस्त फोमची चिकटपट्टी दमट हवेत लवकर दबून चपटी होते, पाणी शोषते आणि एक-दोन पावसाळ्यांत सुटते. ईपीडीएम रबराची पोकळ पट्टी अधिक टिकाऊ असते; ती दबते आणि पुन्हा मूळ आकार घेते. ती झडपेच्या कडेला न लावता चौकटीच्या खाचेत, जेथे झडप टेकते तेथे लावावी, म्हणजे ती घासली जात नाही. पट्टीची जाडी कोरड्या ऋतूतील फटीवरून ठरवू नये; पूर्ण दबल्यावर ती पावसाळ्यातील फटीत मावली पाहिजे.

फट जागोजागी कमी-जास्त असेल, तर साच्याची युक्ती वापरता येते. चौकटीच्या खाचेत सिलिकॉनची सलग रेघ द्यावी, झडपेच्या कडेला स्वयंपाकघरातील पातळ प्लास्टिकचा कागद ताणून लावावा आणि झडप हलकेच बंद करून एक दिवस तशीच ठेवावी. सिलिकॉन फटीच्या आकाराप्रमाणे घट्ट होते; प्लास्टिक काढले की झडप मोकळी उघडते. हे काम पाऊस येण्याच्या थोडे आधी, मेच्या अखेरीस करावे. तेव्हाची फट भर उन्हाळ्यातील फटीपेक्षा पावसाळ्यातील फटीच्या अधिक जवळ असते.

दोन झडपांच्या मधल्या जोडावर बाहेरून लाकडी झाकपट्टी असते. ती गहाळ झालेली असेल तर एवढी एक पट्टी बसविल्याने निम्मा त्रास कमी होतो. ती मागाहून बंद होणाऱ्या झडपेला लावावी आणि दुसऱ्या झडपेवर निदान दीड सेंटिमीटर चढवावी. वरखाली सरकणारे बोल्ट घट्ट बसत असतील तर वाऱ्याच्या झोतात झडपा हलत नाहीत. बोल्टचे भोक झिजून मोठे झाले असल्यास तेथे पितळी पत्रा बसवून घ्यावा.

पाण्याला बाहेरची वाट

झड पूर्ण अडविणे नेहमीच शक्य नसते. आत शिरलेले थोडे पाणी पुन्हा बाहेर काढणे, ही जुन्या सुतारांची पद्धत होती. तळपट्टीला बाहेरच्या बाजूस उतार असावा, आतल्या बाजूस निदान २० ते २५ मिलिमीटर उंच कड असावी आणि कडेजवळ साचणारे पाणी बाहेर जाण्यासाठी तळपट्टीत दोन तिरपी भोके असावीत. ही भोके रंगाने किंवा पट्टीने कधीही बुजवू नयेत. पाऊस लागण्यापूर्वी तारेने साफ करावीत.

बाहेरच्या कट्ट्याच्या आणि झडपेच्या खालच्या पट्टीच्या तळाशी अर्धा सेंटिमीटर रुंद खाच असावी. तळाला चिकटून आत सरपटणारे पाणी या खाचेपाशी तुटते आणि थेंबाच्या रूपाने खाली पडते. ही खाच रंगाच्या थरांनी भरून गेली असेल तर पटाशीने पुन्हा मोकळी करावी. खिडकीवरील छज्जा किंवा वळचण वाढविणे शक्य असेल, तर तो सर्वांत प्रभावी उपाय ठरतो. चुडतांची विणलेली मल्लां पावसाळ्यापुरती पडवीला बांधण्याच्या जुन्या रीतीमागे हेच तत्त्व आहे. झडप वाचवायची असेल तर झड तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच मोडावी.

शिंपल्यांची तावदाने

या तावदानांचे तुकडे खाचांच्या बारीक लाकडी पट्ट्यांत सरकवून बसविलेले असतात. दोन तुकड्यांमधून थोडा वारा येणे हा त्यांचा स्वभाव आहे. त्या फटी सिलिकॉनने भरल्या तर तुकडे पट्ट्यांना चिकटून बसतात आणि लाकूड हलले की फुटतात. शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. लिंबू, व्हिनेगर किंवा आम्लयुक्त स्वच्छतागृह-द्रवाने तो विरघळतो व निस्तेज होतो. मऊ ओल्या कापडाने पुसणे पुरेसे आहे.

वारा थांबविण्यासाठी अशा झडपेच्या आतल्या बाजूस काचेची किंवा ॲक्रिलिकची दुसरी हलकी झडप बसवावी. ती चौकटीला लहान स्क्रूंनी किंवा चुंबकपट्टीने लावली तर पावसाळ्यानंतर काढून ठेवता येते आणि मूळ खिडकीला धक्का लागत नाही. तुटलेल्या तुकड्यांच्या जागी पाडलेल्या घरांतील जुने तुकडे मिळवावेत. हा शिंपला झुवारीच्या मुखाजवळ चिखलीच्या उपसागरात आढळतो. परंतु २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला. दुरुस्तीच्या निमित्ताने तो खाडीतून काढून आणण्याचा विचार करू नये.

रंग, तेल आणि चवथीची घाई

चवथीपूर्वी घराला रंग देण्याची रीत गोव्यात घरोघरी आहे. भिंतींचे ठीक, पण लाकडी खिडक्यांसाठी श्रावण-भाद्रपदाचा मुहूर्त प्रतिकूल असतो. त्या वेळी लाकूड पाण्याने भरलेले असते. त्यावर तैलरंगाचा अभेद्य थर चढविला की पाणी आत कोंडते, रंगाला फुगे येतात आणि त्याखाली बुरशीला पोषक ओल टिकून राहते. खिडक्यांचा रंग जानेवारी ते एप्रिल या काळात द्यावा. चवथीला त्या नुसत्या पुसून चकचकीत कराव्यात.

रंगापूर्वी जुना थर खरवडताना सावधगिरी आवश्यक आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० भाग प्रति दशलक्ष एवढे मर्यादित करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे असू शकते. म्हणून कोरडे घासणे टाळावे, पाणी लावून घासावे, मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे आणि निघालेला चुरा गोळा करून बंद पिशवीत ठेवावा. तंतूंची उघडी टोके, म्हणजे उभ्या पट्ट्यांचे खालचे तळ, सर्वाधिक पाणी पितात आणि रंगाऱ्याच्या नजरेतून तीच सुटतात. झडप उतरवून त्या तळांना तेलाचे व रंगाचे दोन-तीन हात द्यावेत. चौकटीच्या भिंतीकडील, न दिसणाऱ्या भागाला काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची कोकणपट्टीतील जुनी पद्धत वाळवीविरुद्ध उपयोगी आहे. मात्र हे तेल त्वचेवर फोड आणते, म्हणून हातमोजे घालूनच ते हाताळावे.

जे बंद करू नये

वारा अडविण्याच्या भरात घर कोंदट होऊ देऊ नये. गॅसवर चालणारा गीझर असलेल्या न्हाणीघराची खिडकी किंवा झरोका कधीही सीलबंद करू नये. अपुऱ्या हवेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. स्वयंपाकघरातील जमिनीलगतचा झरोकाही उघडा ठेवावा, कारण गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो. चूल वापरात असेल तर धुराड्याची वाट मोकळी असावी.

इतर खोल्यांतही छपरालगतचे झरोके तसेच राहू द्यावेत. पावसाळ्यात हवेची आर्द्रता अनेकदा ९० टक्क्यांच्या आसपास असते. अशा वेळी चारी बाजूंनी बंद केलेल्या खोलीत कपाटांमागे, पुस्तकांवर आणि कपड्यांवर बुरशी धरते. झडीची वाट बंद करावी आणि हवेची वाट आडोशाच्या बाजूने उघडी ठेवावी, हे धोरण योग्य.

कुलूपबंद घरांचा प्रश्न

नोकरीधंद्यानिमित्त कुटुंब मुंबईला, आखातात किंवा युरोपात असल्याने वर्षातील दहा महिने बंद राहणारी घरे प्रत्येक गावात आहेत. तेथे खिडकी नुसती घट्ट लावून जाणे पुरेसे नसते. आत शिरलेले पाणी पुसायला कोणी नसते आणि ओल बाहेर जायला वाट नसते. अशा घरांत पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून पावसाळी आडोसा करावा, पूर्वेकडील वरचे झरोके जाळी लावून उघडे ठेवावेत, खिडक्यांजवळचे लाकडी सामान हातभर मागे सरकवावे आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडीप पाहून दारे-खिडक्या उघडण्याची व्यवस्था शेजाऱ्यांकडे सोपवावी. सामायिक मालकीच्या घरांत खर्चावरून एकमत होण्यास वेळ लागतो. तोवर तळपट्टीची भोके साफ करणे आणि उघड्या लाकडाला तेल देणे एवढे तरी कोणाही एका वारसाला करता येते.

वर्षाचे वेळापत्रक

ऑक्टोबर : पाऊस परतल्यावर खिडक्या उघड्या ठेवून लाकूड वाळू द्यावे. पावसाळ्यात केलेल्या खुणा व ओलीच्या जागा आकृतीवर उतरवाव्यात.

डिसेंबर ते फेब्रुवारी : सांधे, बिजागऱ्या, कुजलेले भाग व लांबी यांची सुतारकामे करावीत. खरोखर अडकणारी झडप याच काळात, तीही जपून, तासावी.

मार्च व एप्रिल : तेल आणि रंग.

मे : चौकट व भिंत यांमधील भेगा, झाकपट्ट्या, रबरी पट्ट्या, तळपट्टीची भोके.

जून ते सप्टेंबर : केवळ निरीक्षण, खुणा आणि तात्पुरता आडोसा. रंधा आणि रंग दोन्ही दूर ठेवावेत.

खिडकी केव्हा बदलावी?

चौकटीच्या दोन्ही उभ्या पट्ट्या भिंतीच्या आत कुजलेल्या असतील, वाळवीने लाकूड पोखरून नुसते कवच उरले असेल, किंवा भिंत खचल्याने चौकट पिळवटली असेल, तर नवी खिडकी करणेच योग्य. तेव्हाही जुन्या झडपांतील निरोगी पट्ट्या बाजूला काढून ठेवाव्यात. घरातील दुसऱ्या खिडकीच्या जोडकामाला त्यांच्याइतके मुरलेले लाकूड मिळणार नाही. पणजीतील फोंतैनाससारख्या संवर्धन क्षेत्रात घर असेल, तर दर्शनी खिडकीचे स्वरूप बदलण्यापूर्वी नगर व ग्राम नियोजन खात्याकडे चौकशी करावी.

यांपैकी एकही कारण नसेल तर खिडकी ठेवावी. ॲल्युमिनियमची सरकती खिडकीही तळाची पाणी जाण्याची भोके बुजली की गळतेच आणि सरकती असल्याने एका वेळी निम्मीच उघडते. जुनी झडप पूर्ण उघडते आणि पाऊस थांबताच खोलीला सगळा वारा देते. शिवाय ती सुट्या भागांची बनलेली असल्याने तिचा जो भाग बिघडेल तेवढाच बदलता येतो. हे काम जाणणारे सुतार गावोगावी थोडेच उरले आहेत. त्यांच्याकडे डिसेंबरात एक खिडकी दुरुस्तीला दिली तर पुढच्या आषाढात तिची परीक्षा आपोआप होईल, आणि बाकीच्या खिडक्यांचे काय करायचे याचा निर्णय दरपत्रकावरून न करता अनुभवावरून करता येईल.